घरचा कॉम्प्युटर आणि ईमेल: रोजचे कष्ट कमी करणारा तुमचा एक छोटा बदल सांगा

ऊनसावली:

परवा सासऱ्यांना एक मेल लिहायचा होता. मी माझं पुस्तक घेऊन शेजारी खुर्ची ओढून बसले. पाऊण तासात पुस्तकाचं पान काही उलटलं नाही, त्यांच्याकडेच बघत राहिले.

त्यांना दुहेरी भिंगाचा चष्मा आहे. स्क्रीन वाचायची तर हनुवटी वर, मान मागे. दर दोन-तीन ओळींनी मान चोळायची. मेलमध्ये आधी पत्ता टाकला, मग विषय, मग मजकूर, आणि मजकूर निम्म्यावर असताना चुकून 'सेंड'वर बोट पडलं. मेल गेला. मग "मघाचा मेल अर्धवट गेला, क्षमस्व" असा दुसरा. एक शब्द चुकला तर बॅकस्पेस दाबत अख्खी ओळ खोडली आणि नव्याने लिहिली. माउसचा बाण दोनदा हरवला. तो शोधायला माउस टेबलावर गोल गोल फिरवला.

आणि हे सगळं विनातक्रार! गेली कित्येक वर्षं! "काही अडलंय का?" असं मी अधूनमधून विचारत आलेय आणि ते "नाही" म्हणत आलेत. खरंच आहे ते. अडलेलं नसतंच, नुसतं कष्टाचं असतं. त्यांना वाटतं कॉम्प्युटर म्हणजे हे एवढं करावंच लागणार. त्याच घरात राहून मला हे दिसलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

म्हणून हा धागा. कोर्स वगैरे नको. ज्या एका बारीकशा बदलाने तुमचं किंवा घरातल्या कुणाचं रोजचं काम हलकं झालं, तेवढं लिहा. मेल, टायपिंग, डोळे, मान, पासवर्ड, फायली, काहीही चालेल.

टिचकी:

कंट्रोल + झेड. बाकी सगळं नंतर.

मी कुणालाही शिकवायला बसले की पहिल्या दिवशी हे एवढंच. मुद्दाम एक परिच्छेद खोडायला लावते, कंट्रोल + झेड दाबायला लावते, परिच्छेद परत आला की चेहरा बघण्यासारखा असतो. "मी काहीतरी बिघडवीन" ही धास्ती एकदा गेली की पुढचं भराभर येतं.

मग बॅकस्पेस. देवनागरीत तो फार छळतो, आधी मात्रा जाते, मग अक्षर. त्याऐवजी कंट्रोल + बॅकस्पेस दाबलं तर अख्खा शब्द जातो. चुकून बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल + शिफ्ट + टी. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांनी कंट्रोलच्या जागी कमांड वाचा, फक्त बॅकस्पेसच्या जोडीला तिथे ऑप्शन लागतं.

आणि हरवलेला बाण: विंडोजमध्ये माउसच्या सेटिंग्जमध्ये एक खूण करता येते, मग नुसतं कंट्रोल दाबून सोडलं की बाणाभोवती वर्तुळं उमटतात. मॅकवर माउस जोरात हलवला की बाण मोठा होतो. (म्हणजे तुमचे सासरे मॅकवर असते तर त्यांचीच पद्धत बरोबर होती! :))

चौकस_चिमणी:

कंट्रोल + शिफ्ट + टी!!! मी इतकी वर्षं हिस्टरीत जाऊन शोधत होते. धागा वसूल.

दृष्टिभेद:

ऊनसावली, मी चष्म्यांच्याच कामात आहे, म्हणून मानेबद्दल जरा सविस्तर लिहितो.

सगळीकडे सांगतात की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. एकाच नंबरचा चष्मा असेल तर ते योग्य. पण दुहेरी भिंगात जवळचा नंबर खालच्या भागात असतो. स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवली की त्या खालच्या भागातून बघायला माणूस हनुवटी उचलतो. तुम्ही जे पाहिलंत ते हेच. अशा वेळी स्क्रीन खाली घ्यायची आणि वरची बाजू किंचित मागे कलती करायची. स्टँड काढून टाकला तरी चालेल. मॉनिटरखाली कुणी कौतुकाने जाड पुस्तकं ठेवली असतील तर ती आधी काढा.

एवढ्याने भागलं नाही तर फक्त कॉम्प्युटरच्या अंतरासाठी एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून मिळतो. डोळे तपासायला जाण्याआधी एक करा. नेहमीसारखं बसायला सांगा आणि डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर दोरीने किंवा टेपने मोजून कागदावर लिहून न्या. बहुतेकांचं ५० ते ७० सेंटीमीटर भरतं. वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटीमीटरसाठी केलेला असतो, म्हणून तो लावून स्क्रीन बघायला गेलं की माणूस पुढे वाकतो. आकडा हातात असला की तपासणाऱ्यालाही नेमका नंबर देता येतो.

अक्षरं मोठी करायला अजिबात संकोच नको. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइझची पट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत जाते. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य.

आणि २०-२०-२०. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडचं काहीतरी २० सेकंद बघायचं. स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, डोळे चुरचुरतात ते त्यामुळे.

निवांत:

दृष्टिभेद, हे आधी वाचायला मिळालं असतं तर! मी स्वतःच्या हाताने वडिलांचा मॉनिटर उंच केला होता. आजच खाली घेतो.

डार्क मोडबद्दल तुमचं मत काय? मला काळ्यावर पांढरं फार सुखद वाटतं.

दृष्टिभेद:

तुम्हाला सुखद वाटत असेल तर जरूर वापरा. पण ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे अशा बऱ्याच जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी, कडेला पसरल्यासारखी दिसतात. घरातल्या दुसऱ्यांसाठी लावून देताना विचारून लावा. उजेडाचं म्हणाल तर खोलीत जेवढा उजेड तेवढाच स्क्रीनला, हा माझा हिशेब. खिडकी पाठीशी किंवा समोर नको, बाजूला असावी.

रातराणी:

मेल अर्धवट जाण्यावर माझा उपाय: पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा. पत्ताच नसेल तर बोट कुठेही पडो, मेल जाऊच शकत नाही. माझा क्रम असा, आधी अटॅचमेंट जोडायची (म्हणजे "सोबत जोडले आहे" लिहून न जोडण्याचा प्रकार बंद), मग मजकूर, मग विषय, एकदा वाचून काढायचं आणि मग पत्ता.

शिवाय जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अनडू सेंड' असतं. ५, १०, २० किंवा ३० सेकंद निवडता येतात. ३० करून ठेवा.

अडगळ:

रातराणी, नवीन मेलला ठीक आहे. पण उत्तर देताना पत्ता आधीच भरलेला असतो त्याचं काय?

रातराणी:

तो कंट्रोल + एक्सने कापायचा आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत चिकटवून ठेवायचा. लिहून झालं की उचलून वर. रोजच्या साध्या उत्तरांना एवढं करत नाही, पण तक्रारीचं पत्र असेल किंवा डोकं तापलेलं असेल तर नक्की करते. दोन वेळा फजितीतून वाचले आहे त्यामुळे.

जुना_टंकलेखक:

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मी नोकरीभर टाइपरायटरवर काम केलं, निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर आलो. तुम्ही तरुण मंडळी ज्याला 'सीसी' म्हणता, ती आमची कार्बन कॉपी. रोलरमध्ये कोरा कागद, त्यामागे कार्बन, त्यामागे पातळ कागद. पत्राखाली 'सी. सी.' लिहून कुणाकुणाला प्रत गेली ते नोंदवायचं. चौथ्या प्रतीपर्यंत अक्षर पुसट होत जायचं, म्हणून महत्त्वाच्या माणसाला वरची प्रत. 'बीसीसी'सुद्धा तेव्हापासूनची. मूळ पत्र काढून घ्यायचं आणि फक्त प्रतीवर नाव टाइप करायचं, म्हणजे दुसऱ्यांना ते दिसत नसे.

हे सांगायचं कारण, लोक अजून बीसीसी वापरत नाहीत. आमच्या एका गटाच्या मेलमध्ये साठेक जणांचे पत्ते 'टू'मध्ये उघडे टाकले होते. त्यातल्या एकाने 'रिप्लाय ऑल' करून "माझा पत्ता काढा" लिहिलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. दोन दिवस ते चाललं. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना मेल करायचा असेल तर पत्ते बीसीसीत टाकावेत, ही माझी हात जोडून विनंती.

दुसरं, कळफलकाकडे न बघता टाइप करायला कुठल्याही वयात शिकता येतं. इंग्रजी एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, ते दोन्ही तर्जन्यांसाठी. अंकांच्या चौकोनात तसाच उंचवटा ५ वर असतो. रोज पंधरा मिनिटं बोटं जागेवर ठेवून सराव केला तर महिन्या-दोन महिन्यांत मान खाली-वर करणं थांबतं. मानेचं निम्मं दुखणं तिथेच आहे.

चौकस_चिमणी:

काका, किती सुंदर लिहिलंत. बीसीसीची गोष्ट माहीतच नव्हती.

टिचकी:

अवांतर, पण काकांच्या मुद्द्याला जोडून. ईमेलच्या पत्त्यात ते 'ॲट'चं चिन्ह रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये निवडलं. माणसांच्या नावात येत नाही आणि 'अमुक या यंत्रावरचा अमुक' असा अर्थही देतं, म्हणून. पहिला मेल गेला तो शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये, अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून. आणि १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थुर्क यांनी त्याच जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना कॉम्प्युटरच्या जाहिरातीचा मेल पाठवला. नको असलेल्या मेलची सुरुवात तिथून मोजतात. म्हणजे हे दुखणंही चांगलं जुनं आहे.

अडगळ:

जाहिरातींचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्या इनबॉक्समध्ये अकरा हजार न वाचलेले मेल आहेत. कुठून सुरुवात करू? फोल्डर करायला बसलो, दोन रविवार गेले, सोडून दिलं.

निवांत:

फोल्डर करूच नका. मी एकही करत नाही. वाचला, काम झालं, आर्काइव्ह. हवा तेव्हा सर्च.

रातराणी:

निवांत, इथे माझं जुळत नाही. सर्च करायला काहीतरी आठवावं लागतं. दोन वर्षांपूर्वीच्या वॉरंटीचा मेल कुणाकडून आला, त्यात कोणते शब्द होते, काही आठवत नाही. मी चारच फोल्डर ठेवते: पैसे, आरोग्य, घर आणि घरातल्या वस्तू, प्रवास. यात न बसणारं सगळं आर्काइव्हमध्ये. चाराचे चाळीस झाले की मग कुठलाच फोल्डर उपयोगाचा राहत नाही, तिथे तुमचं म्हणणं पटतं.

निवांत:

चार चालतील. हार मानली. :)

अडगळ, तुमच्यासाठी: अकरा हजार मेल वाचायचे नाहीत. महिन्याभरापूर्वीचे सगळे एकदम निवडून आर्काइव्ह करा. पुसले जात नाहीत, फक्त समोरून हलतात. मग उरलेल्यांत जाहिरातीचा मेल आला की पुसायचा नाही, उघडून 'अनसबस्क्राइब' करायचं. पुसलेला उद्या पुन्हा येतो. २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडण्याची सोय सक्तीची केली आहे, त्यामुळे पूर्वीइतकं कटकटीचं राहिलं नाही. रोज पाच केले तरी महिन्यात फरक दिसेल.

मात्र ज्याचं नावही कधी ऐकलं नाही अशाच्या मेलमधल्या 'अनसबस्क्राइब'वर जाऊ नका. हा पत्ता चालू आहे एवढं त्याला कळतं. तो सरळ स्पॅममध्ये टाका.

जागा भरली असेल तर जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह आहे. तिथे आकार १० एमबीपेक्षा मोठा असं निवडा. फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून असते, त्यातले चाळीस-पन्नास जाडजूड मेल काढले तरी बरीच जागा होते. पुसल्यावर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर ३० दिवस जागा अडूनच राहते.

अडगळ:

महिन्याभरापूर्वीचे सगळे आर्काइव्ह केले. समोर ८६ मेल उरले. आता इनबॉक्स उघडताना छातीवर दडपण येत नाही. फार आभार, निवांत.

शब्दफुले:

मराठी टायपिंगबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आईला इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिताना बघवत नाही. मनात 'क्षमा' असतं, त्याचं आधी इंग्रजी स्पेलिंग करायचं, मग सुचवलेल्या चार पर्यायांतून निवडायचं.

कळफलक:

इन्स्क्रिप्ट शिकवा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरलेली कळांची मांडणी. विंडोजमध्ये असतंच, भाषेत मराठी जोडायची, विंडोज + स्पेसने अदलाबदल. शिकायला वाटतं तेवढं अवघड नाही, कारण मांडणी आपल्या वर्णमालेची आहे. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट धरलं की ख. एल वर त, शिफ्टने थ. अल्पप्राण-महाप्राणाच्या बहुतेक जोड्या अशाच एका कळीवर. पाय मोडायला डी. ळ साठी शिफ्ट + एन.

आणि मराठीची खास गोष्ट: 'दुसऱ्या', 'बऱ्याच' यातला तो अर्धा र. जे वर साधा र, शिफ्ट + जे वर ऱ. तो घेऊन पाय मोडला आणि य लिहिला की 'ऱ्य' नीट उमटतो. स्पेलिंगच्या पद्धतीत लोक तिथेच अडतात आणि 'दुसर्या' लिहून मोकळे होतात.

टिचकी:

कळफलक, शिकायला उमेद असेल तर उत्तमच. पण ज्याला वर्षातून दहा मेल लिहायचे आहेत त्याला नवा कळफलक शिकवायचा अट्टहास का? माझी आत्या बोलून लिहिते. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंगला मराठी निवडायची, बोलायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि कॉपी करून मेलमध्ये. दोन पानी पत्रं लिहिते!

कळफलक:

मान्य, वर्षातून दहा असतील तर बोलणं बरं. पण बोलताना घरातल्यांसमोर बोलावं लागतं. काही पत्रं अशी असतात की ती हातानेच लिहायची असतात.

शब्दफुले:

हे आईला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य ऐकून म्हणाली, "मला ते कळांचं दाखव."

जुना_टंकलेखक:

शब्दफुले, आईंना सांगा, बोटं आधी अडखळतील. रोज आपलं स्वतःचं नाव वीस वेळा लिहावं. नावातल्या कळा बसल्या की बाकीच्या येतात.

मधुरव:

पासवर्डवर लिहितो. वडिलांचा मेल वर्षभरापूर्वी बंद पडला तो कायमचा. पासवर्ड विसरले, तो परत मिळवायला मेलसेवेने ज्या मोबाइल नंबरवर कोड पाठवला तो नंबर केव्हाच बंद झालेला. त्या पत्त्यावर पंधरा वर्षांचे फोटो आणि पत्रं होती. आम्ही महिनाभर फॉर्म भरत राहिलो. काही उपयोग झाला नाही.

म्हणून आज उठा आणि एवढं बघा: तुमच्या मेलखात्यात परतीचा मोबाइल नंबर आणि दुसरा मेल पत्ता कोणता आहे? पाच मिनिटांचं काम आहे. दोन टप्प्यांची ओळख (पासवर्डनंतर कोडही मागणारी) चालू केली असेल तर गूगल आठ-आठ अंकांचे दहा बॅकअप कोड देतं, ते छापून कपाटात ठेवा. आणि जुनं, न वापरलेलं गूगल खातं असेल तर अधूनमधून लॉगइन करा. दोन वर्षं न वापरलेली खाती ते काढून टाकू शकतात.

रातराणी:

वाचून कसंतरी झालं, मधुरव. लगेच तपासलं. माझाही जुनाच नंबर होता. बदलला.

अडगळ:

पासवर्ड वहीत लिहिणं चूक आहे ना? बायको लिहिते, मी ओरडतो.

मधुरव:

ओरडू नका. घरात कपाटात ठेवलेली वही, दूरवरच्या चोराच्या हाती लागत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा वही शंभरपट बरी. फक्त ती कॉम्प्युटरला चिकटवलेली नको, आणि वही कुठे आहे ते घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावं. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले की लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड होतो.

निवांत:

वहीला विरोध नाही, पण पासवर्ड मॅनेजरचा (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा) एक फायदा वहीत नाही. नकली साइटवर गेलात तर तो पासवर्ड आपोआप भरतच नाही, कारण पत्ता जुळत नाही. वही बघून माणूस नकली साइटवरही इमानदारीने टाइप करतो.

पत्ता ओळखायची रीत: लिंकवर बाण नुसता ठेवा, क्लिक नको. खाली डाव्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. 'बँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' असं असेल तर ते ठिकाण बँकेचं नाही, 'खातेतपासणी डॉट नेट' नावाच्या कुणाचं तरी आहे. बँकेचं नाव पुढे नुसतं दाखवायला.

दृष्टिभेद:

आमच्याकडे अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल खिडकी, जोरात भोंगा आणि "या नंबरवर फोन करा". आई घाबरून फोन करणार होती. काय करावं अशा वेळी?

टिचकी:

फोन अजिबात नाही. ती नुसती वेबसाइट असते. एस्केप दाबून धरा, नाही गेली तर अल्ट + एफ ४, तरी नाही तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं उघडू का?" विचारेल, त्याला नाही म्हणा. तेही नाही जमलं तर यंत्र बंद करा आणि शांत बसा. काही बिघडत नाही.

कळफलक:

बंद करण्यावरून एक. कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला की लोक शट डाउन करून पुन्हा चालू करतात आणि म्हणतात फरक पडत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर आतला गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो. 'रिस्टार्ट'मध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून दुखणं असेल तर रिस्टार्ट.

आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल सहसा रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. पेन ड्राइव्ह ही फायली न्यायची पिशवी आहे, ठेवायचं कपाट नव्हे. फोटो आणि कागदपत्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

शांतीघाट:

सगळे उपाय उत्तम आहेत. मला ते देण्याच्या पद्धतीबद्दल लिहायचं आहे. मी बरीच वर्षं वयस्कर लोकांना कॉम्प्युटर शिकवते आहे.

त्यांच्या हातातून माउस घेऊ नका.

आपण "थांबा, मी करून देते" म्हणतो, चार क्लिक करतो, "झालं!" म्हणतो. त्यांनी पाहिलेलं असतं ते एवढंच, की बाण भर्रकन इकडून तिकडे गेला. पुढच्या वेळी ते विचारत नाहीत, कारण विचारलं की आपण उठून येतो, घाईत असतो, हे त्यांना दिसतं. ऊनसावली, तुमचे सासरे "नाही" म्हणतात त्यात हेही असू शकेल.

मी माझे हात पाठीमागे बांधून उभी राहते, अक्षरशः. तोंडाने सांगते. त्यांना दहा सेकंद बटण सापडत नाही, सापडू देते. बोट दाखवायचं तर स्क्रीनला न लावता. मग त्यांच्या वहीत त्यांच्या शब्दांत पायऱ्या लिहायला लावते. एका आजींनी आर्काइव्हला 'माळ्यावर टाकणे' असं लिहिलं होतं. वर्गात आता सगळेच तसं म्हणतात.

आणि एका वेळी एकच बदल. इथे पंचवीस उपाय झालेत. एका संध्याकाळी सगळे लावून दिलेत तर त्यांना स्वतःचाच कॉम्प्युटर परका वाटेल. त्यांचे डेस्कटॉपवरचे आयकॉन तर मुळीच आवरू नका. आपल्याला तो पसारा दिसतो, त्यांना प्रत्येक गोष्टीची जागा पाठ असते.

रातराणी:

शांतीघाट, हा प्रतिसाद दोनदा वाचला. मी आईचे आयकॉन आवरले होते. तिने आठवडाभर कॉम्प्युटर उघडला नव्हता, आणि मला वाटलं नेट बंद असेल.

मधुरव:

+१. हात पाठीमागे, हे लक्षात ठेवणार.

ऊनसावली:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस झाले, काय झालं ते सांगते.

शांतीघाट यांचं ऐकून मी आधी नुसतं विचारलं, "बाबा, यातलं सगळ्यात जास्त काय त्रास देतं?" मला वाटलं होतं अर्धवट जाणारा मेल म्हणतील. म्हणाले, "मान."

मग स्क्रीन खाली घेतली. मॉनिटरखाली खरंच एक जाड शब्दकोश होता, आणि तो मीच ठेवलेला. वरची बाजू मागे कलती केली. ते बसले, एक मेल वाचला, काही बोलले नाहीत. दुसरा वाचला. मान चोळली नाही. अंतरही मोजलं, ६२ सेंटीमीटर. तो कागद त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवला आहे.

तीन दिवसांनी कंट्रोल + झेड. चौथ्या दिवशी ते मला हाक मारून म्हणाले, "हे बघ," आणि मुद्दाम ओळ खोडून परत आणून दाखवली. पत्ता शेवटी टाकायचं मात्र त्यांनी नाकारलं. पत्राच्या वर आधी नाव-पत्ता हवा, हा त्यांचा शिरस्ता. मग अनडू सेंड ३० सेकंदांवर ठेवलं, ते चाललं.

एक गोष्ट उरली. ते प्रत्येक मेल छापून घेतात. वाचायला नाही, फाइलला लावायला. ते मला मोडायचं नाहीये. पण दोन ओळींच्या मेलला चार-पाच कागद निघतात, कारण खाली मागची सगळी उत्तरं लटकलेली असतात. काय करता येईल?

जुना_टंकलेखक:

मीही छापतो! हवा तेवढाच मजकूर माउसने निवडावा, मग कंट्रोल + पी. छपाईच्या खिडकीत 'मोर सेटिंग्ज'मध्ये 'सिलेक्शन ओन्ली'वर खूण करावी. निवडलेलं तेवढंच छापतं.

टिचकी:

काका बरोबर. फक्त तारीख आणि पाठवणाऱ्याचं नावही निवडीत घ्यायला सांगा, फाइलला लावायचंय ना.

ऊनसावली:

आज केलं. निवडताना दोनदा सुटलं, मी हात पाठीमागे धरून उभी होते. तिसऱ्यांदा जमलं. एकच कागद निघाला. त्यांनी तो उलटून मागची बाजू पाहिली, प्रिंटरमध्ये आणखी काही अडकलं नाही ना ते वाकून बघितलं आणि मग पंचिंग मशीन मागितलं.